पत्ते जोडणाऱ्यांचं ऑफिस

एका खोलीत चार माणसं पाच वर्षं बसली की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. ते कपाटामागे साचत राहतात. रोजच्या झाडलोटीत दिसत नाहीत. खोली सोडायच्या दिवशी कपाट हलवलं की कळतं, केवढे होते ते.

आमची खोली कर्जतच्या बाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानावर होती. खाली पाइप, नळ आणि रंगाचे डबे. वर आम्ही वेबसाइट बनवायचो. खालच्या दुकानदाराला आमचं काम शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी जिन्याकडे बोट दाखवून विचारलं तर तो सांगायचा, "वर कॉम्प्युटर दुरुस्त करतात." मग लोक बिघडलेले प्रिंटर घेऊन वर यायचे आणि आमचे मुनाफ सर ते खरंच दुरुस्त करून द्यायचे.

मुनाफ सर म्हणजे मालक. खालापूरचे, पन्नाशी ओलांडलेले. बरीच वर्षं मस्कतला एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळले आणि आई एकटी पडली म्हणून परत आले. निलेश भिवपुरीजवळच्या गावातला, घरची भातशेती, आणि आमच्यात सगळ्यात भराभर कोड लिहिणारा तोच. मंदाताई कुंभिवलीच्या. फोन घेणं, लोकांच्या तक्रारी ऐकणं आणि कुठलंही पान बाहेर जायच्या आधी त्यातलं प्रत्येक बटण दाबून बघणं, हे त्यांचं काम. आणि चौथी मी, वैशाली. कॉलेज संपल्यावर पहिली नोकरी तिथेच लागली.

आमचे बहुतेक किस्से एकाच गोष्टीचे आहेत. वेबसाइटच्या पत्त्याचे. वेबसाइटचा मूळ पत्ता, म्हणजे ते अमुक डॉट कॉम, सेटिंगच्या एका फाइलमध्ये लिहिलेला असतो. पुढचा भाग, म्हणजे फोटोंचं पान, बुकिंगचं पान, हा कोडमध्ये असतो. कोड दोन्ही जोडतो आणि पूर्ण पत्ता तयार करतो. ऐकायला इतकं सोपं. तेवढं नीट जमायला आम्हाला तीन वर्षं लागली.

आता मी एका मोठ्या कंपनीचं काम घरून करते. स्क्रीनवरच्या चौकोनांत माणसं दिसतात. चांगली आहेत सगळी. पण तिथे चूक झाली की तिच्या नोंदीचं तिकीट निघतं, तिचा किस्सा होत नाही.

*

बाळारामशेठ हे आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. खालापूरच्या रस्त्याला त्यांनी जमिनीच्या एका तुकड्यावर फार्महाऊस बांधलं होतं. निलेशने त्याची साइट बनवली आणि शेठच्या फोनवर लिंक पाठवली.

"उघडत नाय," शेठचा फोन आला.

निलेशने आपल्या कॉम्प्युटरवर लिंक दाबली. "माझ्याकडे उघडतेय, शेठ."

"माझ्याकडं नाय उघडत."

दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः जिना चढून वर आले. निलेशच्या खुर्चीत बसले, लिंक दाबली आणि साइट लख्ख उघडली. त्यांनी एकूण एक फोटो बघितला आणि खुशीत घरी गेले. घरी परत तेच. मग दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले. काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. स्क्रीनवर स्वतःच्याच अंगणातला आंबा बघून त्या म्हणाल्या, "ह्यो एवढा मोठा झाला व्हय?" त्यानंतर दोन दिवसांनी शेठच्या बहिणी आल्या. मंदाताई चहा टाकत होत्या.

मुनाफ सर आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर पनवेलला होते. आल्या आल्या त्यांनी ती लिंक वाचली आणि निलेशला जवळ बोलावलं. सेटिंगच्या फाइलमध्ये मूळ पत्ता म्हणून 'लोकलहोस्ट' राहून गेलं होतं. काम चालू असताना आम्ही सगळे ते तसंच ठेवतो, पाठवताना बदलायचं असतं.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "लोकलहोस्ट म्हणजे काय रे? पत्त्याच्या जागी 'माझं घर' असं लिहिल्यासारखं. जो वाचेल तो आपल्याच घरी जाईल. शेठ आपल्या फोनमध्ये शोधतायत आणि साइट बसलीय तुझ्या कॉम्प्युटरात."

पत्ता दुरुस्त झाला. शेठच्या फोनवर साइट उघडली. पुढच्या गुरुवारी शेठ परत जिन्यात.

"शेठ, आता घरी उघडते ना?" मी विचारलं.

"उघडते की."

"मग?"

"घरी आमी दोघंच, वैशाली. दाखवू कुणाला? इथं तुमी चौघं बघता."

मंदाताईंनी गॅस पेटवला. त्यानंतर कितीतरी गुरुवार ते आले.

*

मुनाफ सर आणि निलेशचं एकदाच भांडण झालं. तेही एका तिरक्या रेघेवरून.

पत्त्यात दोन भागांच्या मध्ये एक तिरकी रेघ लागते. सरांची सवय अशी की सेटिंगमध्ये मूळ पत्ता लिहिला की शेवटी रेघ द्यायची. निलेशची सवय अशी की कोडमध्ये पुढचा भाग लिहिताना सुरुवातीला रेघ द्यायची. दोन्ही जोडलं की पत्त्यात दोन रेघा यायच्या. आमचा सर्व्हर समजूतदार होता, दोन रेघांवरही पान उघडायचा. पण दिसायला वाईट दिसायचं आणि कुणीतरी आपली रेघ काढणं भाग होतं.

"मूळ पत्ता पूर्ण पाहिजे," सर म्हणाले. "रेघेशिवाय तो उघड्या दारासारखा आहे. पुढे कुणीही काहीही चिकटवेल आणि भलत्याच साइटचा पत्ता होऊन बसेल."

"काही साइटचं सेटिंग गिऱ्हाईकच लिहितं, सर. ते रेघ देईल का नाही याचा भरवसा नाही. कोड आपल्या हातात आहे," निलेश म्हणाला.

खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं, म्हणून ते मिटेना. आवाज चढले. मग बोलणंच बंद झालं. दोन दिवस दोघं मंदाताईंमार्फत बोलत होते. "मंदाताई, निलेशला सांगा क्लिनिकचे फोटो आले." निलेश तीन फुटांवर बसलेला. "मंदाताई, सरांना सांगा कळलं."

शुक्रवारी सर नमाजला जायच्या आधी काहीतरी टाइप करून गेले. तेवढ्यात निलेशनेही घाईघाईने काहीतरी केलं आणि जेवायला बाहेर गेला. अर्ध्या तासात फोन वाजायला लागले. एकही साइट उघडत नव्हती.

मी पत्ता बघितला. डॉट कॉमला पुढचा शब्द सरळ चिकटला होता. एकही रेघ नव्हती.

दोघं परत आले. मी विचारलं तर सर हळूच म्हणाले, "मी माझी काढली. म्हटलं, पोराचं राहू दे."

निलेश सरांकडे बघत राहिला. "मी पण माझी काढली, सर."

मंदाताई फोन खाली ठेवून म्हणाल्या, "भांडत होतात तवा निदान साइट चालत होती."

त्याच दुपारी दोघांनी खुर्चीला खुर्ची लावून एक छोटं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, लिहिलं. पत्त्याचे दोन भाग त्याच्याकडे द्यायचे. कुणीही कितीही रेघा दिल्या, किंवा दिल्याच नाहीत, तरी ते मध्ये बरोबर एक रेघ ठेवायचं. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात हाताने पत्ता जोडायला बंदी आली.

*

मंदाताई कॉम्प्युटर ऑफिसातच शिकल्या. आधी त्यांना माउसची भीती वाटायची, म्हणून सगळं बाणाच्या बटणांनी करायच्या. एक अक्षर, एक बटण. निलेश त्यावरून त्यांना चिडवायचा.

एकदा डॉक्टरांच्या क्लिनिकची साइट अडली. पेशंटला जो मेसेज जायचा त्यातली लिंक चालेना. सर्व्हर म्हणत होता, पत्ता चुकीचा आहे. आम्ही सेटिंगची फाइल उघडून पत्ता वाचला. बरोबर होता. निलेशने मोठ्याने वाचला, मी कागदावर लिहिला, सरांनी चष्मा पुसून परत वाचला. एकेक अक्षर जागच्या जागी. तिकडे क्लिनिकमध्ये पेशंट नंबर न लावता येऊन बसत होते आणि डॉक्टरांचा आवाज दर फोनला चढत होता.

दुपारी मंदाताई म्हणाल्या, "मी बघू का?"

"बघा ना," निलेश म्हणाला. त्याने खुर्ची सोडली, पण चेहऱ्यावर हसू होतं.

मंदाताईंनी बाणाचं बटण दाबायला सुरुवात केली. टक, टक, टक. ती लुकलुकणारी उभी काठी एकेक अक्षर ओलांडत पुढे सरकत होती. शेवटचं अक्षर झालं. त्यांनी परत एकदा दाबलं. काठी आणखी एक घर पुढे गेली.

"अक्षरं संपली होती ना?" त्या म्हणाल्या. "मग ही पुढं कशी गेली?"

आम्ही तिघं वाकून बघायला लागलो.

"इथं कायतरी हाय," मंदाताईंनी स्क्रीनवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "दिसत नाय, पण हाय."

पत्ता कुठून तरी उचलून चिकटवताना शेवटी एक मोकळी जागा आली होती. निलेशने ती पुसली आणि क्लिनिक सुरू झालं. त्याने विचारलं, "मंदाताई, तुम्हाला कळलं कसं?"

"तांदूळ निवडते तशी गेले. बोटाला लागलं."

निलेशने त्यांना चिडवणं त्या दिवशी थांबवलं. आमच्या फंक्शनमध्ये त्याने आणखी एक ओळ टाकली, पत्त्याच्या मागची-पुढची मोकळी जागा काढून टाकणारी. तिच्या शेजारी टीप लिहिली: ही मंदाताईंची ओळ, काढू नये.

*

सदूचा टेंपो होता. लग्नकार्याला खुर्च्या-टेबलं पोचवायचा. बाळारामशेठच्या फार्महाऊसवर एका कुटुंबाने आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस ठेवला होता. बुकिंग आमच्या साइटवरून झालं. साइटने नेहमीप्रमाणे मेसेज पाठवला, त्यात जागेचं नाव आणि नकाशाची लिंक. कुटुंबाने तो मेसेज तसाच सदूला पाठवला.

आम्ही त्याच आठवड्यात सर्व्हर बदलला होता. जागेचं नाव आणि नकाशाचा पत्ता सेटिंगमधून यायचा आणि नव्या सर्व्हरवर ती ओळ भरायची राहिली होती. माझ्याकडून. सेटिंग रिकामं असलं की कोड थांबत नाही. तो त्या जागी 'अनडिफाइंड', म्हणजे काही ठरलेलं नाही, असा शब्द टाकतो आणि बिनदिक्कत पुढे जातो. मेसेज गेला: आपले स्वागत आहे, ठिकाण अनडिफाइंड. लिंकही तीच.

लिंक उघडेना म्हणून सदूने जुन्या पद्धतीने शोधलं. खालापूरच्या नाक्यावर टेंपो उभा करून पानवाल्याला विचारलं, "अनडिफाइंड कुठं आलं?"

आणि पानवाल्याने रस्ता सांगितला. "नवीन कंपनी असंल. कुंभिवलीच्या साइडला बघ, तिकडं सगळं नवीनच चाललंय."

सदू कुंभिवलीला गेला. तिथे एकाने सांगितलं, हायवेच्या पलीकडे. पलीकडे एका कारखान्याच्या गेटवर तो खुर्च्या घेऊन उभा राहिला. वॉचमनने मेसेज नीट वाचला आणि म्हणाला, "साहेब गेले. उद्या ये."

इकडे फार्महाऊसवर आजोबांचा वाढदिवस सतरंज्यांवर बसून झाला. संध्याकाळी मला हे कळलं तेव्हा मला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी मी सरांबरोबर त्या आजोबांकडे माफी मागायला गेले. ते म्हणाले, "अगं, खुर्च्या असत्या तर सगळे चार-चारच्या घोळक्यात बसले असते. तीस वर्षांनी सगळी भावंडं एका सतरंजीवर बसली. कोण तो ड्रायव्हर, त्याला पेढे दे माझ्याकडून."

पेढे मी दिले. सदूला अजून वाटतं की ती कंपनी खरोखरच आहे.

*

मग आम्ही लग्नपत्रिका बनवायला लागलो. फोनवर पाठवायच्या पत्रिका. एकच पान, वर नवरानवरीची नावं, खाली तारीख आणि ठिकाण. पान तेच, नावं मात्र लिंकमधून यायची.

कुंभिवलीचा समीर आणि कर्जतची नीता. समीरच्या घरच्यांनी फॉर्म भरला, नावाच्या रकान्यात 'समीर & नीता' लिहिलं. मध्ये ते इंग्रजी अँडचं चिन्ह. पत्रिका सगळ्या पाहुण्यांना गेली आणि तासाभरात मंदाताईंकडे फोन आला. नीताची मावशी होती.

"नवरा एकटाच लगीन करतोय का?"

पत्रिकेवर फक्त समीरचं नाव होतं.

झालं असं की वेबसाइटच्या पत्त्यात त्या अँडच्या चिन्हाचा अर्थ वेगळा असतो. इथे एक माहिती संपली, आता दुसरी सुरू, असा. म्हणून अशी चिन्हं पत्त्यात घालण्याआधी त्यांना एक ठरलेलं रूप द्यायचं असतं. घाईत आम्ही ते केलं नव्हतं. ब्राउझरने समीरपाशी थांबून नीताला बाहेर ठेवलं.

मुलीकडचे दुखावले. मुलाकडच्यांनी मुद्दाम केलं, इथपर्यंत बोलणं गेलं. मुनाफ सर म्हणाले, फोनवर नको, घरी जाऊ. सर, मी आणि मंदाताई नीताच्या घरी गेलो. घरात वडील, दोन काका, मावशी. सरांनी कागदावर ते चिन्ह काढून समजावलं. सरांचा आवाज असा की समोरचा ऐकून घेतो. तरी मावशी म्हणाल्या, "चिन्हाला पोरीचंच नाव बरं सापडलं."

सर म्हणाले, "ताई, नाव आधी तिचं असतं तर समीर गेला असता. चिन्ह पुढचं खातं, माणूस बघत नाही. पण चूक चिन्हाची नाही, आमची आहे."

नीता इतका वेळ दाराशी उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "लग्नात नाव बदलेल हे माहीत होतं. पण जाईलच, असं वाटलं नव्हतं."

मग तिचे वडील उठले आणि म्हणाले, "हिचं नाव बदलायचं नाही. पत्रिकेत पण नाही आणि नंतर पण नाही. मी बोलतो व्याह्यांशी." आणि ते खरंच बोलले. नीता अजून माहेरचंच नाव लावते.

*

निलेशला जर्मनीत नोकरी लागली. ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी त्याने सगळ्यांना वडापाव आणला आणि कुणालाच तो धड खाता आला नाही. सर म्हणाले, "जा. मी पण गेलो होतो." एवढंच.

जायच्या आधीचा महिना तो सगळं आवरत होता. त्या सदूच्या भानगडीनंतर त्याने एक तपासणी लिहायला घेतली होती, ती पूर्ण केली. सर्व्हरवर साइट सुरू होतानाच सेटिंगची प्रत्येक ओळ बघायची. मूळ पत्ता रिकामा असेल, अर्धवट असेल, 'लोकलहोस्ट' असेल, तर साइट सुरूच होऊ द्यायची नाही. तिथल्या तिथे थांबायचं आणि काय चुकलं ते सांगायचं.

शेवटच्या दिवशी त्याने मला विचारलं, "सगळं समजलं ना?"

"समजलं," मी म्हटलं. मला दुसरं काहीतरी बोलायचं होतं. ते मी वर्षभर बोलायचं ठरवत होते. खाली त्याचा भाऊ मोटारसायकल घेऊन हॉर्न वाजवत होता. निलेश म्हणाला, "चल मग." मी म्हटलं, "हो, चल."

सहा महिन्यांनी मी एका शाळेची साइट नव्या सर्व्हरवर लावत होते. सुरू केली आणि ती थांबली. काळ्या खिडकीत मजकूर उमटला. निलेशने तो मराठीत लिहून ठेवला होता:

"वैशाली, मूळ पत्ता लिहायला विसरलीस. काही बिघडलं नाही. चहा पिऊन ये, मग लिही."

मी तो दोनदा वाचला. मग पत्ता लिहिला. साइट सुरू झाली, मजकूर गेला. मग पत्ता पुसला आणि साइट परत सुरू केली.

"काय गं, चालेना का?" मंदाताईंनी विचारलं.

"चालते. बघतेय जरा," मी म्हटलं.

मंदाताई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तो मजकूर सावकाश वाचला, एकेक अक्षर. जाऊन चहा टाकला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "पी. त्यानं लिवलंय ना."

*

त्यानंतर दीडेक वर्षाने ऑफिस बंद करायचं ठरलं. सरांचीच नजर कमी होत चालली होती आणि लोक आपापल्या फोनवर स्वतःच पानं बनवायला लागले होते. शेवटच्या महिन्यात आम्ही पसारा आवरत होतो. दोन-तीन वेगवेगळ्या डॉट कॉम नावांनी चालणाऱ्या साइट एकाच नावाखाली आणल्या. सेटिंगमध्ये एक ओळ बदलली की कोडमधले सगळे पत्ते बदलले. त्याचा सरांना अभिमान वाटला. पत्रिकांचं जुनं नाव आम्ही सोडून दिलं. होऊन गेलेल्या लग्नांच्या पत्रिका ठेवायच्या कशाला, म्हणून त्या काढून टाकल्या.

एका सकाळी गायकर काका आले. भिवपुरीच्या वीजकेंद्रात अख्खी नोकरी काढून निवृत्त झालेले. आधी तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायचे, आता जवळच घर बांधलं होतं. जिना चढून दम लागला होता. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला.

"चार दिवस झालं, उघडत नाय."

मी बघितलं. आमच्याच जुन्या पत्रिकेची लिंक. त्यांच्या मुलीचं लग्न, दोन वर्षांपूर्वीचं. मी म्हटलं, "काका, हे नाव आम्ही बंद केलं. आमच्याकडचे पत्ते बदलले, पण लोकांच्या फोनमध्ये पडलेले बदलत नाहीत. आणि आता लग्न तर होऊन गेलं ना?"

"झालं की. मीच लावलं."

"मग पत्रिका कशाला लागते?"

"बघतो," काका म्हणाले. "संध्याकाळी चहा झाला की बघतो."

मुनाफ सर पलीकडे खोकी बांधत होते. त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. "बसा काका," ते म्हणाले आणि जुनी हार्ड डिस्क शोधायला लागले. स्क्रीनच्या अगदी जवळ डोळे नेऊन ते एकेक फोल्डर बघत होते. तासभर गेला. मंदाताईंनी काकांना विचारलं, "लेक कुठं असते?"

"न्यूझीलंडला."

"फोन करते का?"

"दर रविवारी. चेहरा दिसतो. घर दाखवती, बाग दाखवती. चांगलं हाय सगळं."

सरांना पान सापडलं. त्यांनी ते नव्या नावाखाली ठेवलं आणि नवी लिंक काकांच्या फोनवर पाठवली. "दाबा," ते म्हणाले.

काकांनी दाबलं. पिवळ्या रंगाचं पान, मुलीचं नाव, मुलाचं नाव. खाली एक गोल बटण होतं. त्यात मुलीचा आवाज भरला होता, तिने तेव्हा आमच्याच ऑफिसात येऊन बोललेला. मागे खालच्या दुकानात पाइप उतरवल्याचा खणखणाटही ऐकू येत होता. "आमच्या घरी माझं लग्न आहे. बाबांनी सगळ्यांना बोलावलंय. यायचं हं."

काकांनी ते दोनदा ऐकलं. मग फोन पिशवीत ठेवायला लागले.

"काका, थांबा," मी म्हटलं. "मी हे पान थोडं नवीन करून देते. ताईंचे लग्नानंतरचे फोटो घालते, तिकडच्या घराचे घालते. सगळं एका जागी बघता येईल."

"नको गं," काका म्हणाले. "तिकडचे फोटो हायत माझ्याकडं. ह्याच्यात ती अजून जायची हाय."